पराशा आपली कशी होते? साप्ताहिक तोरावाचनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या घरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपला, त्याला निरोप देणाऱ्या हावदालाची मेणबत्ती विझली, की चहा टाकला जातो आणि त्या आठवड्याच्या पराशेवर बोलणं सुरू होतं. कधी सात-आठ माणसं असतात, कधी दोघंच. बहुतेक आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अधूनमधून शेजारपाजारचं कुणी कुतूहलाने येऊन बसतं. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत. मी रब्बी नाही. हलाखाचा, म्हणजे धर्मनियमांचा प्रश्न असेल तर जाणकारांनाच विचारा. इथे आहे ते एका वाचणाऱ्या बाईचं सांगणं.

पराशा म्हणजे नेमकं काय?

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं: बेरेशीथ, शेमोथ, वय्यिक्रा, बामिदबार आणि देवारीम. मराठी बायबलमध्ये यांनाच उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद म्हणतात. या पाच पुस्तकांचे मिळून ५४ भाग पाडलेले आहेत. त्यातला एक भाग म्हणजे एक पराशा. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये (आमची जुनी माणसं मशीदच म्हणत) सेफेर, म्हणजे तोराची हाताने लिहिलेली गुंडाळी, बाहेर काढतात, सात जणांना एकामागून एक बोलावतात आणि त्या आठवड्याची पराशा सुरात वाचली जाते. वर्षात मोकळे शनिवार कमी पडले तर काही पराशा जोडीने वाचतात. पराशेचं नाव तिच्या सुरुवातीच्या एखाद्या ठळक शब्दावरून पडतं: नोआह, लेख लेखा, शेमिनी, कोराह, असं.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी येणाऱ्या पराशेचा पहिला छोटा तुकडा वाचतात. यामागे तालमुदमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, एक सुंदर कारण दिलं आहे. समुद्र ओलांडल्यावर इस्राएल लोक तीन दिवस रानात चालले आणि त्यांना पाणी मिळालं नाही. तालमुद म्हणतं, इथे पाणी म्हणजे तोरा. तीन दिवस पाण्याविना गेले की माणूस कोमेजतो, म्हणून सलग तीन दिवस वाचनाविना जाऊ नयेत.

सुरुवात कधी करायची? मध्येच सुरू केलं तर चालेल का?

वाचनाचं वर्ष सिम्हाथ तोराला, म्हणजे तोराच्या आनंदाच्या सणाला, संपतं आणि त्याच दिवशी, त्याच बैठकीत पुन्हा सुरू होतं. मोशेच्या मृत्यूचा शेवटचा अध्याय वाचून होतो, दुसरा सेफेर उघडतात आणि "आरंभी" म्हणून आकाश-पृथ्वीच्या निर्मितीला हात घालतात. मध्ये एका दिवसाचाही खंड नाही.

तरीही सिम्हाथ तोराची वाट बघत बसू नका. वर्तुळाला कुठूनही शिरता येतं. माझ्या ओळखीतल्या एकांनी कोराहच्या आठवड्यात सुरुवात केली, कारण त्या आठवड्यात त्यांचं भावाशी भांडण झालं होतं आणि कोराहची गोष्ट घरातल्याच भांडणाची आहे. कोराह मोशेचा चुलतभाऊ.

हिब्रू येत नाही. मराठीतून वाचलं तर ते खरं वाचन होईल का?

होईल. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा लाज असते. ती लाज नको.

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांसमोर एज्राने पाणीवेशीच्या चौकात सकाळपासून दुपारपर्यंत तोरा वाचला, ही हकीकत नेहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात आहे. मंदिराची सेवा करणारे लेवी गर्दीत फिरून अर्थ समजावत होते, आणि ऐकणारे रडत होते. पुढे आरामी ही घरची बोली झाली, तेव्हा वाचनासोबत आरामी भाषांतर सांगण्याची रीत पडली. येमेनी ज्यूंनी ती आजवर टिकवली आहे. तालमुदमधली जुनी शिकवणही अशी की, दर आठवड्याची पराशा मूळ दोनदा वाचावी आणि भाषांतरातून एकदा.

आमच्या समाजाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. परंपरा सांगते की आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून कोकणात आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुस्तकं समुद्रात गेली. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्याजवळ सेफेर नव्हता, पराशांचा क्रम नव्हता. तोंडपाठ उरली होती ती शेमा: "ऐक, हे इस्राएल, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे." बारसं असो, लग्न असो, मयत असो, तेच म्हणायचे.

ही शेमा वाएथहनान नावाच्या पराशेत आहे. ही पराशा दर वर्षी तिशा बआव या मंदिर पडल्याच्या शोकदिवसाच्या, म्हणजे आमच्या बिरड्याच्या सणाच्या, लगेच पुढच्या शब्बाथला येते. बाहेर कोकणचा पाऊस धो धो पडत असतो. हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, "शेमा इस्राएल"वर येतो तेव्हा दर वर्षी माझ्या मनात एकच विचार येतो: पूर्ण तोरा हाताशी नसताना माणसांनी या एका ओळीवर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. सेफेरमध्ये या ओळीतलं पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि ओळीचं अगदी शेवटचं अक्षर मोठं लिहितात. दोन्ही जोडून वाचली की "एद", साक्षी, असा शब्द होतो.

नंतर मराठीनेच आम्हाला पुस्तकांकडे परत नेलं. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी जोड हागादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमची माणसं झांज-पेटीवर तोरातल्या कथांची कीर्तनं मराठीत करू लागली, पूर्वरंग-उत्तररंगासकट. मग मराठीतून पराशा वाचणं परकं कसं म्हणायचं?

एकच सांगेन: दर आठवड्याला निदान एक हिब्रू शब्द धरा. भाषांतर वाक्य पोचवतं, पण शब्दाची नाती तोडतं. ती नाती किती मोलाची असतात ते पुढे शेमिनीच्या उदाहरणात येईल.

एक पराशा चार-पाच अध्यायांची असते. नोकरी, घर सांभाळून कधी वाचायची?

सात जणांना बोलावतात म्हणजे पराशेचे सात तुकडे आधीच पाडलेले असतात. रविवारी पहिला, सोमवारी दुसरा, असं करत शनिवारी सातवा. एका तुकड्याला लोकलमध्ये ठाणे ते घाटकोपर एवढा वेळ पुरतो. बऱ्याच छापील प्रतींत या सात जागा खुणा करून दाखवलेल्या असतात.

तेही जमत नसेल तर पूर्ण पराशा एकदा भरभर वाचा आणि एक ओळ निवडून आठवडाभर जवळ ठेवा.

"आपला" अर्थ म्हणजे मनाला येईल तो अर्थ का?

नाही. या बाबतीत मी जरा हट्टी आहे.

आधी साधा अर्थ. कोण बोलतंय, कुणाला, कधी, त्याआधी काय घडलं? याला पशात म्हणतात. त्यानंतर रेमेझ म्हणजे सूचित अर्थ, द्राश म्हणजे ऋषींनी, म्हणजे जुन्या रब्बींनी, खोदून काढलेला अर्थ, आणि सोद म्हणजे गूढ अर्थ. चारही शब्दांची पहिली अक्षरं मिळून पार्देस होतं, म्हणजे फळबाग. पण बागेत शिरायचं ते पशातच्या दारातून. हे दार टाळून आत उडी मारली की माणसाला तोरामध्ये स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि तो त्यालाच देवाचा आवाज समजतो.

उदाहरण घ्या. देव अब्राहामाला म्हणतो, "लेख लेखा." मराठीत "निघ" म्हणून काम भागतं. पण हिब्रूत शब्दशः "जा, तुझ्यासाठी" असं आहे. अकराव्या शतकातले फ्रान्सचे राशी, ज्यांच्या भाष्यावाचून पराशा वाचायची कल्पनाही आपण करत नाही, म्हणतात: तुझ्या भल्यासाठी, तुझ्या सुखासाठी. तेराव्या शतकातले स्पेनचे भाष्यकार रांबान म्हणतात, ही भाषेची लकब आहे, तिच्यातून फार काही काढायची गरज नाही. पुढच्या काळात काहींनी "जा, तुझ्या स्वतःकडे" असाही अर्थ लावला. तीन वाचनं झाली. आता तुमची पाळी. पण तुमचं वाचन असं हवं की या तिघांसमोर बसून सांगताना मान खाली जाणार नाही.

मुलगा कॅनडाला निघाला त्या वर्षी मी हा भाग वाचत होते. तोवर दर वेळी मी अब्राहामाच्या बाजूने वाचलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा दिसलं की वाक्यात "वडिलांच्या घरातून" असे शब्द आहेत, आणि त्या घरात तेरह नावाचा बाप मागे राहतो. मग मागचा अध्याय उघडला. कनानला जायला आधी निघाला होता तो तेरहच, हारानपर्यंत पोचून थांबला. मुलगा बापाची अर्धी राहिलेली वाट पुढे चालतो आहे. हे मी पदरचं घातलेलं नाही, मजकुरात आहे. पण दिसलं त्या वर्षी. आपला अर्थ म्हणजे मला तरी हेच वाटतं: मजकुरात असलेली, पण आपल्या आयुष्याने डोळे उघडल्यावर दिसलेली गोष्ट.

एखादी पराशा आठवडाभर कशी वाचली, ते सविस्तर सांगाल का?

शेमिनी घेते. वय्यिक्राच्या नवव्या अध्यायापासून सुरू होते. पवित्र मंडप उभा राहिला आहे, सात दिवसांचा विधी संपून आठवा दिवस उजाडला आहे, मोशेचा भाऊ अहरोन पहिल्यांदा याजक म्हणून उभा आहे. त्याच दिवशी त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, आज्ञा नसताना वेगळा अग्नी घेऊन पुढे जातात आणि मरतात. मोशे भावाला काहीतरी सांगतो. मग दोन शब्द येतात: "वय्यिदोम अहरोन."

आमच्या बैठकीत पहिल्यांदा यावर वाद झाला तो मराठी शब्दावरून. कुणी म्हणालं, "अहरोन गप्प राहिला." गप्प तर मूलही बसतं, रागावल्यावर. कुणी म्हणालं, "शांत राहिला." नाही, शांत म्हणजे मनाला शांती, ते इथे कुठे आहे? एका आजोबांनी "थिजला" हा शब्द दिला आणि सगळे थांबले. पंधराव्या शतकातले भाष्यकार अब्राबनेल जवळपास हेच म्हणतात: अहरोनाचं काळीज निर्जीव दगडासारखं झालं. हिब्रूत निर्जीव वस्तूला "दोमेम" म्हणतात, धातू तोच. रांबान वेगळं सांगतात: तो आधी मोठ्याने रडत होता, मग थांबला. राशींना या मौनाचं फळ दिसतं, की पुढची आज्ञा देव थेट एकट्या अहरोनाला सांगतो.

माझे वडील गेले त्यानंतरच्या पहिल्या शेमिनीला मला यातलं राशींचं उत्तर सोसवेना. फळ कसलं? दगड हाच शब्द खरा वाटत होता. त्या आठवड्यात लोक येऊन समजावायचे, "देवाची इच्छा." मोशेही अहरोनाला तसंच काहीसं सांगतो. आणि अहरोन त्याला हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

गुरुवारी पाचवा तुकडा वाचताना लक्षात आलं की गोष्ट तिथे संपलेली नाही. पापार्पणाचं मांस खायचं सोडून जाळून टाकलं, म्हणून मोशे रागावतो. तेव्हा अहरोन बोलतो. म्हणतो, आज माझ्यावर असं सगळं ओढवलं आहे. मी ते खाल्लं असतं तर परमेश्वराला बरं वाटलं असतं का? आणि मोशेला ते पटतं. थिजलेला माणूस त्याच अध्यायात बोलता होतो, तेही भावाच्या रागाला उत्तर देताना, आणि धाकटा भाऊ ऐकून घेतो. मला ते वाचून रडू आलं. त्याआधी आठवडाभर रडू आलं नव्हतं.

आता शब्दाच्या नात्याचं. "वय्यिदोम"मधला धातू पुढे एलीयाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, गोष्टीत भेटतो. होरेब डोंगरावर वारा येतो, भूकंप होतो, आग येते, आणि परमेश्वर त्यांत नसतो. मग येतो "कोल दमामा दक्का", बारीक शांततेचा आवाज. "दमामा" आणि "वय्यिदोम" एकाच घरचे. भाषांतरात हे हातून निसटतं. अहरोनाच्या त्या थिजण्यात काही ऐकू येत होतं का, हे मला ठाऊक नाही, पण दोन शब्द शेजारी ठेवल्यापासून तो प्रश्न मला सोडत नाही.

हाफ्तारा म्हणजे काय? तीही वाचायची का?

पराशेनंतर संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला एक उतारा वाचतात, तो पराशेशी कुठल्या तरी धाग्याने बांधलेला असतो. धागा शोधणं हेच एक मोठं वाचन आहे.

आमच्या लोकांनी एलीयाहूच्या हाफ्तारा तरी सोडू नयेत. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावरच्या खुणा एलीयाहूच्या रथाच्या मानतात. घरात शुभ घडलं, नवस फेडायचा असला, की मलिदा होतो: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि "एलीयाहू हन्नाबी"चं गाणं. इतका जवळचा नबी, पण त्याची गोष्ट कितीजणांनी पुस्तकातून वाचली आहे? "की थिस्सा" या पराशेच्या हाफ्तारेत तो कर्मेल डोंगरावर साऱ्या लोकांसमोर उभा आहे. पिनहास पराशेच्या हाफ्तारेत तोच होरेबच्या गुहेत एकटा, जीव नकोसा झालेला. तिथे देव त्याला दोनदा एकच प्रश्न विचारतो: "एलीयाहू, तुझं इथे काय काम?" आणि दोन्ही वेळा एलीयाहू शब्दान्‌शब्द तेच उत्तर देतो, मधल्या आगीचा आणि शांततेचा त्याच्यावर काहीच परिणाम न झाल्यासारखा. पिनहास बहुतेक वर्षी तम्मुझ महिन्यातल्या उपवासानंतर येते आणि तेव्हा तिथे यिर्मयाचा उतारा वाचतात, त्यामुळे ही होरेबची हाफ्तारा क्वचितच कानावर पडते. म्हणून घरी उघडून वाचा. मलिद्याच्या ताटासमोर बसून वाचा.

कंटाळवाण्या भागांचं काय करायचं? मंडपाची मापं, बळी, नावांच्या याद्या...

कंटाळा येतो, हे खरं आहे. तो आला म्हणून आपली श्रद्धा कमी आहे असं समजू नका.

मासे (हिब्रूत प्रवास) नावाच्या पराशेची सुरुवात मुक्कामांच्या यादीने होते. मिसर सोडल्यापासून यार्देनेच्या काठापर्यंत ४२ मुक्काम. इथून निघाले, तिथे उतरले. पुन्हा निघाले, पुन्हा उतरले. राशींनी इथे मिद्राशातला, म्हणजे जुन्या रब्बींच्या कथा-भाष्यांतला, दृष्टांत दिला आहे. एका राजाचा मुलगा आजारी होता. राजा त्याला बरं करायला दूरदेशी घेऊन गेला. परतताना बाप एकेक जागा दाखवत म्हणू लागला: इथे आपण झोपलो होतो, इथे आपल्याला थंडी वाजली, इथे तुझं डोकं दुखलं होतं.

हा दृष्टांत ऐकल्यावर आमच्या बैठकीत एका बाईंनी स्वतःच्या घराची यादी म्हणून दाखवली. आजोबांचं रोह्याजवळचं गाव, मग मुंबईत उमरखाडीची चाळ, मग भायखळा, मग ठाणे. भाऊ इस्राएलमध्ये दिमोनाला, पुतण्या तिथेच अश्दोदला. प्रत्येक ठिकाणी कोण आजारी पडलं, कुणाचं लग्न झालं. यादी संपायला अर्धा तास लागला आणि कुणालाही कंटाळा आला नाही. आपल्या आडनावांतही मुक्कामच तर आहेत: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर.

मंडपाच्या मापांना मी अजून शरण गेलेली नाही. सुतारकाम करणाऱ्या माणसासोबत ती एकदा वाचायची आहेत.

वाचून त्रास होतो, पटत नाही, असे भाग आले तर?

येतील. याकोबाच्या मुलीवर, दीनावर, झालेला अत्याचार आणि तिच्या भावांनी घेतलेला सूड, अमालेक लोकांचं नाव पुसून टाकण्याची आज्ञा, युद्धात धरून आणलेल्या स्त्रीचा नियम. यांना गोड करून वाचू नका. "त्या काळी तसंच होतं" म्हणून पानही उलटू नका. ते उत्तर फार स्वस्त आहे. ऋषींनीही या भागांशी झगडा केला आहे, तो शोधून वाचा, आणि त्यानंतरही टोचत राहिलं तर टोचू द्या.

हरकत घेणं तोराच्या बाहेरचं नाही. अब्राहाम सदोमसाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नासापासून दहापर्यंत. माझ्या आवडत्या पाच जणी तर पिनहास पराशेत आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा, सलाफहादच्या मुली. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव आणि वाटा का बुडावा, हे त्या मोशेला, एलाजार याजकाला आणि सगळ्या मंडळीला मंडपाच्या दाराशी उभ्या राहून विचारतात. मोशेकडे उत्तर नसतं. तो प्रश्न देवापुढे नेतो आणि देव म्हणतो, सलाफहादच्या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. कायदाच बदलतो.

आमच्याकडे बायकांना सेफेरसमोर बोलावत नाहीत. मग पराशा आमची कशी?

माझं लहानपण सिनेगॉगच्या वरच्या सज्जात गेलं. तिथून हज्जानची पाठ दिसायची आणि आवाज यायचा. वेगळ्या रीतीची सिनेगॉग आज जगात पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडे काय बदलावं यावर माझं मत आहे, पण ते इथे मांडत नाही. अभ्यासाला कुणाची परवानगी लागत नाही, एवढं नक्की. विसाव्या शतकात यरुशलेममध्ये नेहामा लायबोविट्झ नावाच्या बाई होत्या. १९४२ पासून सुमारे तीस वर्षं त्या दर आठवड्याच्या पराशेवर प्रश्नपत्रिका काढत. त्यात उत्तरं नसायची, फक्त प्रश्न. सैनिक, नर्सा, शेतकरी, शिक्षक उत्तरं लिहून टपालाने पाठवत आणि त्या लाल शाईने तपासून परत करत. त्यांच्या थडग्यावर त्यांच्या इच्छेनुसार नावापुढे एकच शब्द आहे: मोरा, म्हणजे शिक्षिका.

एकट्याने वाचावं की कुणासोबत?

दोघांनी. एक वाचेल, दुसरा अडवेल. वयात अंतर असेल तर आणखी चांगलं. मुलांना घेऊन बसा, पण त्यांना बोधकथा सांगू नका, त्यांना प्रश्न विचारू द्या. आमच्याकडे एका नऊ वर्षांच्या मुलीने नोआहच्या आठवड्यात विचारलं होतं, "मासे बुडाले नसतील ना?" त्यावर तासभर बोलणं झालं.

वाचनाला सूर असतो. त्यातून काही अर्थ निघतो का?

निघतो, आणि तो डोळ्यांनी वाचणाऱ्याला कळत नाही. सेफेरमध्ये स्वर नाहीत, विरामचिन्हं नाहीत. सूर कुठे कसा लागणार याच्या खुणा छापील पुस्तकात असतात. त्यांतली शाल्शेलेथ, म्हणजे साखळी, ही लांबलचक, वर-खाली हेलकावणारी खूण पूर्ण तोरामध्ये चारच शब्दांवर आहे. अब्राहामाचा पुतण्या लोट सदोममधून निघताना रेंगाळतो, तिथे. अब्राहामाचा सेवक विहिरीवर मुलगी शोधायला उभा राहून प्रार्थनेला सुरुवात करतो, तिथे. योसेफ पोटीफरच्या बायकोला नकार देतो, तिथे. आणि मोशे अहरोनाच्या याजकपणाच्या विधीतला मेंढा कापतो, तिथे.

चौघंही पाऊल टाकायच्या आधी अडखळत आहेत, असं कितीतरी जणांनी ऐकलं आहे. योसेफाच्या गोष्टीत शब्द आहे "त्याने नकार दिला", ठाम. पण सूर सांगतो की तो नकार सोपा नव्हता. मला हे फार मोठं सांत्वन वाटतं. पुढच्या वेळी तो शब्द येईल तेव्हा डोळे मिटून ऐका.

इस्राएलमधली मावशी फोनवर वेगळ्याच पराशेबद्दल बोलते. आम्ही चुकतोय का?

चूक कुणाचीच नाही. पेसाह, म्हणजे वल्हांडण सण, इस्राएलमध्ये सात दिवस, बाहेर आठ. आठवा दिवस शनिवारी आला की इथे सणाचं वाचन होतं आणि तिथे नेहमीची पराशा पुढे सरकते. २०२२ साली असं झालं आणि थेट जुलैअखेर जोड-पराशा वाचून आपण त्यांना गाठलं. तोवर मावशीला विचारा, "तुमच्याकडे पुढे काय होतं?"

वही ठेवावी का?

जरूर, फक्त शब्बाथला लिहायचं नाही. शनिवारी दिवसभर मनात धरा, रात्री लिहा. जे रात्रीपर्यंत टिकलं तेच लिहिण्याजोगं होतं, हा माझा अनुभव. तारखेबरोबर पराशेचं नाव लिहा आणि एकच ओळ. पुढच्या वर्षी त्याच पानावर, खाली, दुसरी.

आम्ही ज्यू नाही. वाचू शकतो का?

या, बसा, वाचा. पारायण किंवा रोजची ओवी ठाऊक असलेल्या माणसाला या रीतीचं मर्म लवकर कळतं. एक विनंती: याला "जुना करार" म्हणून, पुढच्या कुठल्या पुस्तकाची प्रस्तावना समजून वाचू नका. दर शनिवारी एक समाज हे स्वतःचं पूर्ण पुस्तक म्हणून ऐकतो, ते तसंच ऐका. आणि मनात शंका आली तर आमच्यातल्या कुणाला तरी विचारा. आम्ही महाराष्ट्रात थोडेच उरलो आहोत, पण बोलायला आवडतं.

आठवडेच्या आठवडे वाचते, काहीच जाणवत नाही. काय चुकतंय?

थेसाव्वे नावाची पराशा काढून बघा. मोशेचा जन्म झाल्यापासून तो तोराच्या चौथ्या पुस्तकाच्या अखेरीपर्यंत जवळपास प्रत्येक पराशेत त्याचं नाव आहे. थेसाव्वेमध्ये ते एकदाही येत नाही. बहुतेक भाग दिव्याचं तेल, अहरोनाची वस्त्रं आणि याजकांचा विधी यांतच जातो. पण सुरुवातीला तीनदा देव म्हणतो, "वे-अत्ता". आणि तू. नाव न घेता.

माझ्या वहीत त्या आठवड्याखाली सलग तीन वर्षं काहीच लिहिलेलं नाही, नुसत्या तारखा आहेत. चौथ्या वर्षी एक ओळ आहे: "तेल कुटून काढलेलं हवं, असं का? घाण्यावरच्या माणसांना विचारायला हवं होतं."